सव्वीस फेऱ्या

सिंगतेलाचा पंधरा किलोचा डबा कापून
ट्रकचा हौदा केला.
आत तेलाचा वास अजून आहे,
बाहेर अर्धा छापील शेंगदाणा,
तो मुद्दाम ठेवला.

बिजागरी शिवणपेटीची.
मोटर रावपुऱ्यातल्या भंगारवाल्याकडची, मिनिटाला साठ फेरे.
"चालशे, बेन," तो म्हणाला, आणि चालली.
आट्यांच्या दांड्यावरचा पितळी नट मात्र मीच काढला,
गोरव्याच्या आयटीआयमध्ये, लेथवर,
मुलं डबे खायला गेली होती तेव्हा.

रिमोटची तिसरी कळ दाबली.
मोटर गुरगुरली, दांडा थरथरला,
हौदा जागचा हलेना.
बोटाने जरासा उचलून धरला
तर पुढे आपला आपण सरसर चढला, पार पंचेचाळीस अंशांपर्यंत.
म्हणजे ताकद आहे.
पण सुरुवातीला दांडा जवळजवळ आडवा,
सगळा जोर पुढे जातो,
वर काहीच जात नाही.

हे मी दरवर्षी फळ्यावर काढते.
एक बाण, त्याचे दोन तुकडे, मधे कोन.
मुलं उतरवून घेतात.

आतल्या खोलीतून तात्या म्हणाले, "उठव."

तात्यांचा पलंग भाड्याचा, कारेलीबागेतून आणलेला,
महिना अठराशे, डिपॉझिट वेगळं.
पायथ्याशी हँडल.
सव्वीस फेऱ्या मारल्या की त्यांना खिडकी दिसते,
एकतिसाव्या फेरीला रस्ता.
मार्चपासून फिरवते आहे,
एकदाही खाली वाकून पाहिलं नव्हतं.

टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरले.
"काय पडलं?"
"काही नाही. बाहेरून विनूला बोलावलंय, तो फिरवेल. तुम्ही पडून राहा."
वर तात्यांची पाठ, खाली माझं नाक,
मधे ग्रीस वाळून काळा झालेला
तसाच आट्यांचा दांडा.
पण हा पाठीला ढकलत नव्हता.
काटकोनात वाकलेला एक तुकडा होता,
दांडा त्याची उभी बाजू ओढायचा
आणि आडवी बाजू पाठीखाली हात घालायची.
पहिल्या फेरीपासून.

"बेचाळीस किलोचा माणूस मी," वरून आवाज आला,
"उचलायला एवढा वेळ?"

सत्तावीस वर्षं ते वजनकाट्यावर होते, डभोई रोडला.
ओरसंगची वाळू.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी, सही.

सायकलच्या चेनकव्हरमधून तुकडा कापला,
दोन थर रिव्हेट केले, कानस मारली.
दोन्ही टोकांना जुन्या माऊसमधल्या कळा बसवल्या,
नाहीतर थांबायचं कुठे ते मोटरला कळत नाही.
रविवारी हौदा उठला,
कुणी बोट न लावता.

मी मोहरी भरली.
"मोहरी काय, कुणीही ओतेल," तात्या म्हणाले. "वाळू आण. ओली."
अरविंदभाईंचं बांधकाम चालू आहे, तिथून वाटीभर आणली,
टेबलावर पेपर पसरला, ट्रक ठेवला,
हौदा पूर्ण वर गेला
आणि वाळू तशीच चिकटून, शेंगदाण्याच्या पाठीमागे,
भिंतीसारखी.

"माहीत होतं मला. दे इकडे."
उजवा हात चालत नाही, डाव्या अंगठ्याने त्यांनी
ट्रक वीतभर मागे घेतला
आणि खचकन ब्रेक.
सगळी वाळू एकदम खाली,
शेअरबाजाराच्या पानावर.

असे हसले की खोकला लागला.
पाणी दिलं. मग म्हणाले,
"रिकामा तोल बघू."
स्वयंपाकघरातला काटा आणला. एक किलो नऊशे चाळीस.
"आणि भरलेला?"
भरलेला मी तोललाच नव्हता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
डभोई रोडवर एखाद्या नव्या ड्रायव्हरकडे पाहत असतील तसं.
"पुन्हा भर," म्हणाले,
"आणि आधी काट्यावर घे."